रि: रि: पाडव्याची गाण्याची स्पर्धा – परीक्षक सुचवा

प्रेषक: व्हायोलिनवालीची आई, मिसिसागा

नमस्कार मंडळी,

समितीने परीक्षक सुचवा म्हणून मेल टाकलाय त्यावरून लिहितेय. नाव सुचवत नाहीये, जरा वेगळंच म्हणायचंय आणि लांबणार आहे, आधीच सांगते.

मागच्या शनिवारी लेकीला घेऊन इथल्या म्युझिक फेस्टिव्हलला गेले होते. आपल्याला फेस्टिव्हल म्हटलं की सवाई आठवतो, इथे कॅनडात फेस्टिव्हल म्हणजे चक्क स्पर्धा, तीही शंभरावर वर्षं जुनी पद्धत, १९०८ मध्ये एडमंटनला सुरू झालेली. टोरांटोचा किवानिस फेस्टिव्हल (किवानिस हा समाजसेवा करणारा क्लब) १९४४ चा, आणि त्या पहिल्याच वर्षी पियानोचं बक्षीस ११ वर्षांच्या ग्लेन गूल्डने नेलं होतं, तोच तो पुढे जगप्रसिद्ध झालेला पियानोवादक. (पुढे हाच माणूस स्पर्धांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडत राहिला, ते असो.)

आमचं चर्चच्या हॉलमध्ये होतं. दाराशी बर्फाळलेल्या बुटांची रांग, आत मध्यावर एक टेबल, टेबललॅम्प आणि छोटी घंटी, आणि तिथे परीक्षक बाई, बाहेरगावच्या, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या. मूल वाजवून झालं की त्या खाली मान घालून भराभरा लिहिणार, तोवर सगळे चिडीचूप, लिहून झालं की घंटी वाजवणार मग पुढचं मूल. नोटेशनचं मूळ पुस्तक त्यांच्यासमोर ठेवायचं, झेरॉक्स चालत नाही. आईबापांनी किंवा मास्तरांनी त्यांच्याशी आधी एक शब्द बोलायचा नाही.

सात मुलं वाजवून झाली, आणि मला वाटलं आता निकाल. पण बाई उठल्या, बाही वर सारली आणि एकेका पोराला परत पुढे बोलावलं. आमच्या बयेने झाइट्झ नावाच्या जर्मन संगीतकाराचा पाच नंबरचा कॉन्चेर्टो वाजवला होता, त्यात एक लांब सूर येतो आणि तिथे पोचेपर्यंत हिचा गज (व्हायोलिनचा बो) संपलेला असतो, मग तो सूर मेल्यासारखा. घरी हे मला कळायचं पण का होतंय ते कळायचं नाही. बाई म्हणाल्या व्हायोलिन खाली ठेव आणि ही ओळ गुणगुणून दाखव. ही लाजत लाजत गुणगुणली. मग विचारलं, श्वास कुठे घेतलास? तिने सांगितलं. मग गजालाही तिथेच श्वास घेऊ दे की, म्हणाल्या, आणि गजाच्या मध्यावर स्वतःचं बोट धरून उभ्या राहिल्या, पहिले दोन सूर माझ्या बोटापुढे न्यायचे नाहीत. मंडळी, मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही पण तो लांब सूर असा उघडला की मागच्या रांगेतले लोक मोबाईलमधून मान वर करून बघायला लागले.

दोन मिनिटं, फार तर तीन. मार्क ८३, नंबर नाही. गाडीत मार्कांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, घरी पोचेपर्यंत तीच ओळ गुणगुणत होती.

आता आपल्याकडे बघा. परीक्षक माईक घेऊन म्हणणार सगळ्यांनीच छान गायलं, निवड करणं फार अवघड गेलं, मग चिठ्ठी, मग फोटो, मग बटाटेवडे. मागच्या वर्षी आमच्या शेजारची पोर तिसरी आली, का तिसरी आली ते तिला आजतागायत माहीत नाही. एवढे मोठे गाणारे लोक आपण बोलावतो आणि त्यांच्याकडून फक्त आकडे लिहून घेतो. या वर्षी परीक्षकांना शिकवायलाही लावूया का?

---

प्रेषक: तबलेवाले काका, ब्रॅम्प्टन

अगं तुझा मेल वाचला, छान लिहितेस. पण व्यवहाराचं बोलतो. गेल्या वर्षी ४२ नावं होती. चार मिनिटं प्रत्येकी धरली तर १६८ मिनिटं, म्हणजे पावणेतीन तास, त्यात प्रत्येकाला चार मिनिटं शिकवणी घातली की साडेपाच, आणि हॉल आपल्याला चार तास मिळतो. वडे कधी खायचे?

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या त्या फेस्टिव्हलमध्ये सगळं नोटेशनमध्ये छापलेलं, त्यावर बोट ठेवता येतं. आपल्याकडे पोरीची गुरू दुसऱ्या रांगेत बसलेली असते. तिने गंधार एका पद्धतीने लावायला शिकवलाय आणि परीक्षक भर सभेत म्हणणार असा नाही, असा लाव. किराणा घराण्याचा माणूस जयपूर घराण्याच्या शिष्येला सुधारायला लागला तर ते शिकवणं झालं की आणखी काही? दुसऱ्याच्या शिष्याला हात लावू नये असं आम्हाला शिकवलंय.

आणि तिसरं, आपल्या इथे गाणं शिकवणारे मोजून पाच-सहा, परीक्षकही त्यांच्यातलेच, आणि त्यांच्याच क्लासची पोरं स्पर्धेत. दोन वर्षांपूर्वी काय झालं ते सगळ्यांना माहितीये, उकरत नाही.

---

प्रेषक: ओहायोवाली ताई (गाव सोडलं, लिस्ट नाही सोडली)

काका, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला उत्तर आमच्या गावात आहे. क्लीव्हलंडला १९७८ पासून त्यागराज आराधना होते, म्हणजे कर्नाटक संगीतातले थोर संत-रचनाकार त्यागराज यांच्या नावाचा संगीत उत्सव, ईस्टरच्या आसपास, युनिव्हर्सिटीत. शेजारच्या तमिळ मुलीबरोबर मी दोनदा गेलेय. पंचरत्न कृती, म्हणजे त्यांच्या पाच गाजलेल्या रचना, सगळे मिळून म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो, आणि जाता जाता, त्यागराज ज्या मुलखात राहिले तिथे त्यांच्या तरुणपणी तंजावरच्या भोसल्यांचं राज्य होतं, तेव्हा आपण अगदीच परके नाही तिथे!

तर तिथे मुलांच्या स्पर्धा असतात आणि परीक्षक म्हणून भारतातून आलेले कलाकार बसतात, जे स्टेजवरही गाणार असतात. मला काय आवडलं सांगू, ते नुसते ऐकत नाहीत, स्वतः मांडीवर ताल धरून बसतात, पोराची सम चुकली की त्याला समोरच दिसतं. आणि कर्नाटक संगीतवाल्यांच्या स्पर्धेत परीक्षक मध्येच म्हणू शकतात, आता याच ओळीवर स्वर कर, म्हणजे तिथल्या तिथे सुचेल तशी सरगम गा. ते घोकून जमत नाही. त्या एका प्रश्नात मूल काय शिकलंय आणि काय नाही ते सगळं बाहेर पडतं. तिथे सस्टेनिंग संप्रदाय म्हणून एक कार्यक्रमही आहे, त्यात इकडची मुलं तिकडच्या गुरूंकडून आधी ऑनलाइन शिकतात आणि मग फेस्टिव्हलमध्ये त्यांच्यासमोर बसून.

म्हणून म्हणते परीक्षक बाहेरगावचा आणा. मिशिगनचा आणा, नाहीतर दौऱ्यावर आलेला कुणी पुण्याचा गाठा. आणि शिकवणं दुसऱ्या दिवशी ठेवा, ज्याला हवं तो येईल, वडे पहिल्या दिवशी खाऊन घ्या.

---

प्रेषक: गाण्याच्या मावशी, ओकव्हिल

काका म्हणायला तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान आहात पण सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते.

ती दुसऱ्या रांगेत बसलेली गुरू म्हणजे मीच की हो! मला राग नाही येणार. गंधाराचं तुमचं म्हणणं खरंय, ज्याच्या-त्याच्या घराण्याचं त्याने बघावं, परीक्षकाने त्यात पडू नये. पण आपल्या पोरांची अडचण तिथवर पोचतच नाही ना. गेल्या वर्षीचंच सांगते, माझा विद्यार्थी नव्हता म्हणून बोलता येतं. नऊ वर्षांचा मुलगा, कराओके ट्रॅक लावला होता मोठ्या पुरुष गायकाचा, काळी एकचा, म्हणजे खालच्या पट्टीचा. खालचे सूर त्याच्या गळ्यात नाहीतच, तो बिचारा नुसते ओठ हलवत होता. कागदावर पडलं काय, तर ‘सूर कच्चा’. सूर कच्चा नव्हता हो, पट्टी चुकलेली! वडे खायच्या वेळी मी त्याला कोपऱ्यात घेतलं, पेटीवर काळी चार, म्हणजे वरची पट्टी धरली आणि म्हटलं आता म्हण. त्याचा आवाज ऐकून त्याची आजी हातातली प्लेट घेऊन तशीच उभी राहिली. हे परीक्षकाने स्टेजवर केलं असतं तर कुठल्या गुरूचा अपमान झाला असता?

माझं म्हणणं एवढंच, ट्रॅक बंद करा, पेटी-तबला ठेवा, आणि नावं २० वर थांबवा.

---

प्रेषक: तबलेवाले काका, ब्रॅम्प्टन
(रात्री १:१०)

मावशी, ट्रॅक बंद म्हणालात तिथेच मी निम्मा तुमच्या बाजूला आलो, कारण ट्रॅक आले की आम्ही तबलेवाले वडे तळायला मोकळे.

झोप येत नाहीये म्हणून लिहितो. तबल्याच्या मध्यमा परीक्षेला मी सांगलीला बसलो होतो, गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा, वय असेल १५. परीक्षक पांढरं धोतर, काळी टोपी, चेहऱ्यावर माशी हलत नव्हती. माझा कायदा (तबल्यातली एक बांधीव रचना) चालू असताना त्यांनी हात वर केला, मला वाटलं संपलं सगळं. ते उठून आले, माझ्या डाव्या हाताचं मनगट नुसतं दोन बोटांनी खाली दाबलं, आणि म्हणाले, हं, आता. डग्ग्याचा घुमारा एकदम बदलला. ते परत जाऊन बसले, पुढचं विचारलं, बास. ते माझ्या गुरुजींच्या घराण्याचे नव्हते. गुरुजींना मी भीतभीत सांगितलं तर ते म्हणाले बरं केलं त्यांनी, मी दोन वर्षं ओरडतोय.

तेव्हा ती दुसऱ्याच्या शिष्याची माझी अट मागे घेतो, पण मावशींची दुरुस्ती ठेवून, घराण्याच्या भानगडीत पडायचं नाही. स्पर्धा शनिवारी, २० नावं, शिकवणं रविवारी सकाळी माझ्या बेसमेंटमध्ये, १२ माणसं बसतात, आईबाप वर चहा प्यायला. परीक्षक बाहेरगावचा, त्याला कुठलं मूल कुणाच्या क्लासचं ते सांगायचं नाही, आणि मावशी, तुम्हीसुद्धा डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत.

पेटी मी आणतो. माझी कमर गेलीये, गाडीतून उतरवायला कुणीतरी तरणा माणूस साडेनऊला पार्किंगमध्ये हवा, दहाला नको, साडेनऊला.