"स्पर्धेत रोबो पळतो, वही नाही" म्हणे!

जुना भिडू : कॉलेजच्या रोबो टीमच्या ज्युनिअर पोरांच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली : 'नोटबुक (रोबो कसा बनवला त्याची वही), बीओएम (पार्टची यादी), ड्रॉइंग हे सगळं जजना दाखवायला. स्पर्धेत रोबो पळतो, वही नाही.' डोकंच फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

आमच्या वेळी स्पर्धा नऊ दिवसांवर आली आणि डावीकडची मोटर जळली. डब्यात तशीच दिसणारी स्पेअर होती, फक्त स्टिकर निघालेला. बसवली. रोबो डावीकडे ओढायला लागला. चाक किती फिरलं ते मोजणारे एन्कोडर नव्हतेच. दोन रात्री पोरं कोड चाळत बसली. तिसऱ्या दिवशी एकानं दोन्ही गिअरबॉक्स उघडून दात मोजले, तेव्हा कळलं की सीनिअरनी २०० आणि ३०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे) मोटरी एकाच डब्यात टाकल्यात. मार्करनं तीन आकडे लिहायला काय जात होतं?

फायनल इयर : ती पोस्ट माझीच. दादा, मोटरवर आकडा टाका, नको कोण म्हणतंय? मी बोलायलोय ते साठ पानी वहीबद्दल. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मागच्या तारखा टाकून, तीन रंगांच्या पेनांनी लिहायची ती. 'तीन पर्याय तपासले' असं आम्हीही लिहिलंय. तपासला एकच, दुकानात तेवढाच होता. त्यापेक्षा फोनमधले फोटो बरे.

होटगीरोडकर : एफटीसीत (शाळकरी पोरांच्या रोबो स्पर्धेत) पोर्टफोलिओ १५ पानांतच बसवावा लागतो. साठ पानं मागतंय कोण? आणि फोटोवरून बोल्ट एम४चा की एम५चा, सांगून दाखव.

हिशेबी : बीओएमचं कौतुक मला सांगू नका. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो, तपकीर गल्लीत दिवसभर पायपीट केली, पार्ट आणले. मिळाल्या कच्च्या पावत्या. कॉलेजात म्हणाले, जीएसटीचं बिल आणा. ३,४०० रुपये अजून अडकलेत. यादी एकदम व्यवस्थित आहे हो माझी, पैसे तेवढे नाहीत.

मागावरची : 'वही नको' हे सोलापुरात बसून बोलायलास? चादरीवरचा मोर काय विणकराच्या डोक्यात असतो? आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून जकॅर्डची (मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राची) कार्डं पंच करायची. भोक असेल तिथला ताण्याचा दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. माझे वडील पंचिंग करायचे. एक भोक चुकलं की तो डाग दर मोरावर. कार्ड फाटलं तर नंबर बघून, ग्राफ काढून तेवढंच नवीन पाडायचे. विणणारा माणूस बदलला तरी मोर तोच.

फायनल इयर : मग एवढं लिहून ठेवून नक्कल थांबली का? जीआय (भौगोलिक मानांकन) मिळूनही बाजारात 'सोलापुरी' म्हणून काय काय विकतात, माहितीये.

मागावरची : नकलेचा कार्डाशी काय संबंध बे? नक्कल करणारा तयार चादरच समोर घेऊन बसतो, आमची कपाटं नाही उघडत. वडिलांचे माग भंगारात गेले ते वीजबिलानं आणि सुताच्या भावानं. ग्राफ अजून घरात आहेत. न बघता बोलू नकोस.

होटगीरोडकर : अरे, रोबोवर या!

मागावरची : रोबोवरच आहे. जकॅर्ड म्हणजे काय वाटलं तुम्हाला? कार्डावरचं वाचून चालणारं मशीनच ते.

लेथवाला : अक्कलकोट रोडला वर्कशॉप आहे माझं. पोरं मोबाइलवर थ्रीडी गरागरा फिरवून दाखवतात, 'काका, असा शाफ्ट पाहिजे'. ८ एमएमचा शाफ्ट, ८ एमएमचं बेअरिंग, इथवर ठीक. पण तो हातानं सरकायला पाहिजे की ठोकून बसवायचा, हे विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. गेल्या महिन्यात एक शाफ्ट दोनदा करून दिला. दुसऱ्या वेळचे पैसेही घेतले नाहीत.

जुना भिडू : घ्या! आणि लायपो बॅटरी राहिलीच. तीन सेलची बॅटरी १२.६ व्होल्टला फुल करून अख्खा मे महिना कपाटात. उशीसारखी फुगली. शेवटी कोणी चार्ज केली, कधी, कुठं नोंद नाही.

फायनल इयर : काका, तो शाफ्ट आमचाच होता.

बरं, ऐका. मोटरवर आरपीएम, बॅटरीवर तारीख, ड्रॉइंगवर फिट (सैल की घट्ट), एवढं आजपासून लिहितो. मागच्या तारखांची वही मात्र लिहिणार नाही म्हणजे नाही. तीन रंगांचे पेन जुन्या भिडूंनी आणून द्यावेत.

हिशेबी : पेनांचं पक्कं बिल घ्या.