‘१००% निकाल’ कशातून काढला ते विचारा

सिन्नरच्या ताई, तुम्ही भाचीसाठी पाहिलेल्या जीएनएम (तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा) स्कूलच्या जाहिरातीतला ‘१००% निकाल’ हा बहुधा फक्त परीक्षेला बसलेल्यांचा असतो. समजा, ४० जणींनी प्रवेश घेतला, तिसऱ्या वर्षाला २६ बसल्या आणि सगळ्या पास झाल्या. जाहिरातीत १००%, पण प्रवेशाच्या हिशेबाने ६५%. म्हणून विचारा: तीन वर्षांपूर्वी प्रवेश किती, त्यातल्या वेळेत पास किती, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी किती जणींची झाली? आकडा बॅचनिहाय लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

गळती जास्त करून पहिल्या वर्षी होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुली अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या इंग्रजी पेपरात अडकतात, त्यात हजेरी कमी पडते. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळी ८०% हजेरी लागते. डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रॅक्टिकल १००% भरून काढावं लागतं. लहान स्कूलमध्ये वॉर्डातल्या पोस्टिंगसाठी पेशंटच कमी असले की प्रॅक्टिकलचे तास मागे पडतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष एका विद्यार्थिनीमागे ३ पेशंट असा आहे, तेव्हा नुसत्या खाटा मोजू नका, भरलेल्या किती असतात ते वॉर्डात जाऊन बघा. संलग्न हॉस्पिटलचं पत्र चालू वर्षाचं आहे का, हेही.

आणखी एक. आरोग्य विद्यापीठ नाशकातच म्हसरूळला असल्याने बरेच पालक जीएनएमची चौकशी तिथे करतात. विद्यापीठाकडे बी.एस्सी. नर्सिंग आहे, जीएनएम आणि एएनएम (सहायक नर्सचा कोर्स) यांच्या परीक्षा शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. स्कूलची मान्यता या मंडळाकडेच तपासा, फी भरण्याआधी.