कोन फिल्टर टाकल्यावर आयएटी (आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा) सेन्सर कुठे बसवायचा?

रानवारा
१.२ पेट्रोल, टर्बो नाही. मूळ एअर बॉक्स काढून ३ इंची ॲल्युमिनियम पाइप आणि कोन फिल्टर टाकलाय. मास एअर फ्लो सेन्सर गाडीला नाहीच, मॅनिफोल्डवर फक्त मॅप (हवेच्या दाबाचा सेन्सर). हवेच्या तापमानाचा दोन पिनांचा सेन्सर बॉक्सच्या झाकणात रबरी ग्रोमेटमध्ये (भोकात बसणाऱ्या खाचेच्या कड्यात) दाबून बसवलेला होता. नव्या पाइपला त्यासाठी भोकच नाही. सध्या तो झिप टायने बॅटरीजवळ बांधलाय. चेक लाइट नाही, पण सिग्नलला स्कॅनरवर ६८ अंश दिसतात आणि नंतर गाडी ओढत नाही. पाइपला भोक पाडू, की सेन्सरऐवजी ठराविक तापमान दाखवणारा रेझिस्टर टाकून मोकळा होऊ?

टॉर्क_मास्तर
रेझिस्टरच्या नादी लागू नका. मॅपवर चालणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दाब आणि तापमान यावरूनच हवेचं वजन काढतो. खरी हवा ४० अंशांची आणि रेझिस्टर सांगतोय २०, तर हिशेबात हवा सुमारे ७ टक्के जास्त धरली जाते. संथ चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेईल, पण पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल जास्त पडतं. शिवाय हवा थंड समजून ठिणगीचं टायमिंग पुढेच राहतं, मग उन्हाळ्यात घाटात नॉकिंग (इंजिनात ठोके).

आत्ताचा प्रकार याच्या उलट आहे. सेन्सर बॉनेटखालची कोंडलेली गरमी मोजतोय, म्हणून ईसीयू टायमिंग मागे खेचतो. भोकच पाडा.

कानस_आणि_व्हर्नियर
पाइप गाडीवरून उतरवूनच ड्रिल करा. ॲल्युमिनियमचा कीस थ्रॉटलमधून आत गेला तर इंजिनच बसेल.

भोक ग्रोमेटच्या बाहेरच्या व्यासाचं नाही, खाचेच्या तळाच्या व्यासाचं पाडायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. खाच २० मिमी असेल तर आधी ३ मिमीचं ड्रिल, मग स्टेप ड्रिलने १९ पर्यंत, शेवटचा मिलिमीटर गोल कानशीने. धार आतूनही मारा, नाहीतर रबर कापलं जातं. नंतर पाइप साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

३ इंची पाइपवर २० मिमीच्या भोकाच्या दोन बाजू गोलाईमुळे मधल्यापेक्षा जवळपास १.३ मिमी खाली जातात. जुनं, कडक झालेलं ग्रोमेट तिथे उचललं जातं. नवं, मऊ घ्या. बसवताना ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे नको, साबणाचं पाणी पुरतं.

रानवारा
धन्यवाद दादा. जागा फिल्टरजवळ घेऊ का? तिथे आकडा कमी येईल.

टॉर्क_मास्तर
आकडा कमी दिसणं आणि हवा थंड असणं वेगळं. तो धातूचा पाइप रेडिएटरच्या गरम हवेत तापतो, त्यामुळे इंजिनात जाणारी हवा थ्रॉटलजवळच मोजावी. थ्रॉटल बॉडीच्या १०–१५ सेंमी आधी, पाइपच्या वरच्या किंवा बाजूच्या अंगाला. तळाला नको, पाणी आणि फिल्टरचं तेल तिथेच साचतं. टोक पाइपच्या भिंतीला टेकता कामा नये, वाहत्या हवेत हवं.

वायरिंगवाला
वायर कमी पडली तर बिनधास्त वाढवा. ०.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरने ३० सेंमी जोड दिला तर जाऊन-येऊन फार तर ०.०२ ओहम वाढतात, आणि हा सेन्सर हजारो ओहमचा. थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) असल्याने सेन्सरच्या पिना उलटसुलट झाल्या तरी चालतं. डाग दिल्यावर हीट श्रिंक, वरून जाळीची नळी, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब.

मल्टिमीटरने तपासा: बॉश धाटणीचा सेन्सर २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम आणि ४० ला १.२ च्या आसपास दाखवतो. स्कॅनरवर उणे ४० आलं तर वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला, कोड पी०११३. १२० च्या वर अडकलं तर शॉर्ट, पी०११२.

सकाळी गार गाडीत इग्निशन फक्त ऑन करा: हवा आणि कूलंट दोन्ही २–३ अंशांच्या फरकात हवेत. मग ६० च्या वेगाने ५–१० मिनिटं चालवून बघा. बाहेर ३२ असताना ४० दिसलं तर ठीक. ५५ वरून हलत नसेल तर दोष सेन्सरचा नाही, फिल्टर गरम हवा ओढतोय. १० अंश चढले की हवा ३ टक्के विरळ होते. फिल्टरभोवती पत्र्याची भिंत घाला आणि हेडलाइटमागून गार हवेची नळी आणा.

कानस_आणि_व्हर्नियर
आणि ग्रोमेटभोवती फट राहिली तर? मॅपवाल्या गाडीत पेट्रोलचा हिशेब बिघडणार नाही, पण फिल्टर न झालेली धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाईल. पाइप बसवल्यावर ग्रोमेट बोटाने फिरवून बघा. सैल फिरलं तर वरून सीलंट फासू नका, ग्रोमेट बदला.