जपानात कन्सोल खपतो कशामुळे?

सोंगट्या (धागाकर्ता)
परवा मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, जपानी माणूस स्वदेशीवाला, म्हणून मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स हा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेमचं यंत्र, तिथे चालत नाही. मग पीएस५ (प्लेस्टेशन ५) काय परदेशी आहे? सोनीचाच ना? तरी निन्टेन्डोच्या स्विचपुढे त्याची डाळ शिजली नाही.

माझं मत सरळ आहे. जपानात लोक गेम घेतात, कन्सोल त्याच्या मागून घरी येतो. गेम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे निन्टेन्डोच्या गेमच्या डबीत, मावेना म्हणून गेम बनवणाऱ्या स्क्वेअरने निन्टेन्डोला रामराम ठोकला आणि जानेवारी १९९७ मध्ये फायनल फँटसी ७ सीडीवर, म्हणजे प्लेस्टेशनवर आणला. ड्रॅगन क्वेस्ट ही गेममालिकाही मागोमाग तिकडेच गेली. पुढे पीएसपीला, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलला, जपानात हात दिला तो मॉन्स्टर हंटर या गेमने. चार मित्र एका टेबलाभोवती बसून शिकार करणार, म्हणजे चार पीएसपी आले की नाही?

हिशेबी
अजिबात सहमत नाही. निन्टेन्डोचा हातात धरायचा थ्रीडीएस विसरलात? फेब्रुवारी २०११ मध्ये २५,००० येनला आला आणि थंडावला. ऑगस्टमध्ये १५,००० केला आणि खप एकदम उसळला. गेम तेच, दुकानं तीच, फक्त किमतीची चिठ्ठी बदलली. आधी घेतलेल्यांची समजूत काढायला वीस जुने गेम फुकट द्यावे लागले, निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. त्याच डिसेंबरात पीएसपीचा वारस, सोनीचा व्हीटा आला २४,९८० ला, वर त्याचं खास महागडं मेमरी कार्ड वेगळं. लोकांनी काय घेतलं ते सांगायला हवं का?

सोंगट्या
ऑगस्टची उसळी काही आठवड्यांत ओसरली हो. खरी झुंबड नोव्हेंबर-डिसेंबरात उडाली, मारिओचे दोन गेम लागोपाठ आल्यावर. आणि मॉन्स्टर हंटर थ्री-जी थ्रीडीएसवर कधी आला? १० डिसेंबरला. व्हीटा कधी आला? १७ डिसेंबरला. ज्याच्या जिवावर पीएसपी जगला तो गडी आठवडाभर आधीच शेजारच्या घरी नांदायला गेलेला. व्हीटा फुकट वाटला असता तरी... बरं, फुकट घेतला असता लोकांनी.

जुना_कार्ट्रिजवाला
धागाकर्त्याच्या मित्राची बाजू घेणारं कुणी नाही म्हणून लिहितो. गेमच सर्व काही असेल तर ब्लू ड्रॅगनचं काय? २००६ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने फायनल फँटसीचे जनक साकागुची आणि ड्रॅगन बॉल चित्रकथेवाले तोरियामा या दोघांनाही कामाला लावून एक्सबॉक्स ३६० साठी हा खास गेम काढला. यापेक्षा जपानी काय असतं? थोडी हालचाल झाली, पुन्हा सगळं थंड.

आणि फायनल फँटसीच घ्या. १५ वा भाग २०१६ मध्ये पहिल्या आठवड्यात सात लाखांच्या आसपास गेला. १६ वा २०२३ मध्ये फक्त पीएस५ वर आला, पहिल्या आठवड्यात ३ लाख ३६ हजार. गेम कन्सोल ओढतो म्हणता. इथे कन्सोलनेच गेमला खाली ओढलंय.

सोंगट्या
१६ व्याचा मुद्दा मान्य. पण त्यातून एवढंच दिसतं की आजच्या पोरांचा गेम तो नाही.

निशिकासाईकर
आठ वर्षं टोकियोत आहे, डोळ्यांदेखतचं सांगतो. आमच्या बिल्डिंगखाली बाग आहे. शाळा सुटली की झोपाळे रिकामे आणि बाकावर पाच पोरं माना खाली घालून. कुणाकडे मोठा स्विच, कुणाकडे त्याचा छोटा भाऊ लाइट. पीएस५ बाकावर कसा आणणार? तो वायफायच्या राऊटरपेक्षाच कितीतरी पट मोठा, आमच्या घरात टीव्हीशेजारी ठेवला तर तांदळाचा डबा हलवावा लागेल. शिवाय टीव्ही एकच.

आमचा मुलगा "स्विच हवा" असं एकदाही म्हणाला नाही. म्हणायचा, "सुपुरा हवा, सगळ्यांकडे आहे." म्हणजे स्विचवरचा स्प्लॅटून हा गेम. तिसरा भाग सप्टेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा जपानात तीन दिवसांत ३४ लाख ५० हजार गेले. आता हा गेमचा विजय की "सगळ्यांकडे आहे"चा, तुम्हीच ठरवा. मी तरी गेमसाठी पैसे दिले नाहीत, पोरगं बाकावर एकटं बसू नये म्हणून दिले.

हिशेबी
आणि सगळ्यांकडे असायला तो आधी परवडावा लागतो! लाइट निघाला तो १९,९८० ला. पीएस५ चं बघा: २०२० मध्ये ४९,९८० अधिक कर, सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९८०. येन घसरत गेला आणि सोनीने तो भार गिऱ्हाइकावर टाकला. निन्टेन्डोने २०२५ मध्ये स्विच २ ला काय केलं? फक्त जपानी भाषेचा ४९,९८०, सगळ्या भाषांचा ६९,९८०. स्वस्त माल देशाबाहेर पळू नये म्हणून भाषेचं कुलूप. अमेरिकेत तोच ४४९.९९ डॉलरला होता. अखेर सोनीलाही नोव्हेंबर २०२५ मध्ये फक्त जपानी भाषेचा पीएस५ ५५,००० ला काढावा लागला. किमतीला महत्त्व नसतं तर एवढा खटाटोप कोण करेल?

जुना_कार्ट्रिजवाला
पाच वर्षं झाल्यावर! वरात गेल्यावर घोडं आणलं.

सोंगट्या
पण स्विच २ कुणाला मिळणार याच्या पहिल्या सोडतीला जपानात २२ लाख अर्ज आले होते. पन्नास हजार येन म्हणजे काही चणे-फुटाणे नव्हेत.

निशिकासाईकर
त्या २२ लाखांत आम्ही नव्हतो. अट होती स्विचवर किमान ५० तास खेळल्याची आणि ऑनलाइन वर्गणी एक वर्ष भरल्याची. तास आमचे कधीच भरले होते, वर्गणीचं वर्ष भरलं नव्हतं. मग स्टेशनजवळच्या दुकानाच्या सोडती, तिसऱ्या वेळी नंबर लागला.

मला मात्र इंग्रजीवाला हवा होता. कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, अजून नीट वाचता येत नाही, सेटिंगमध्ये अडकलो की संपलं. पण २०,००० चा फरक म्हणजे मुंबईच्या तिकिटातला चांगलाच वाटा. मुलगा म्हणाला, "जपानीच घे बाबा, मी वाचून दाखवतो." घेतला. पहिल्याच रात्री त्याने मुलांसाठी लावायची वेळमर्यादा मला वाचून दाखवली. काय लिहिलं होतं ते अजून मला नक्की माहीत नाही.