स्थानबद्ध म्हणजे नक्की कुठे बद्ध?

चाळकरी : पेपरात हल्ली सारखं दिसणारं वाक्य : ‘सराईत गुन्हेगार एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध, येरवड्यात रवानगी.’ सरळ ‘अटक’ का लिहीत नाहीत? आणि तुरुंगातच टाकायचं, तर ‘स्थान’ कसलं?

कोर्टवारी : कारण ती अटक नव्हेच. एमपीडीए हा सराईत गुंडांना आधीच रोखून धरणारा महाराष्ट्राचा कायदा. अटकेमागे गुन्ह्याचा आरोप असतो. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, मग दोषारोपपत्र, खटला. स्थानबद्धतेत खटलाच नाही. ‘हा मोकळा राहिला तर काहीतरी करील’ एवढाच हिशेब. संविधानाच्या अनुच्छेद 22 नेच ही वाट ठेवली आहे. तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा कौल लागतो, आणि एमपीडीए काय, रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) काय, त्या मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. म्हणून ‘यूएपीएखाली स्थानबद्ध’ असं वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. यूएपीए म्हणजे दहशतवादासारख्या बेकायदा कृत्यांविरुद्धचा कायदा. त्यात गुन्हा दाखल होतो, अटक होते. दोषारोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि जामीन महाकठीण, ती गोष्ट वेगळी. स्थानबद्ध करतो तो 1980 चा रासुका.

जुनं_दप्तर : ‘स्थान’ शोधायला रत्नागिरीला चला. 1924 ते 1937 सावरकर तिथे स्थानबद्ध होते. राहतं घर होतं, भाषणं होती, पण राजकारण बंद आणि परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल नाही. शब्द तिथे चपखल बसतो. कायद्याच्या मराठीने डिटेन्शनलाही तोच चिकटवला आणि जिल्ह्याची कोठडी झाली! आणीबाणीत 1971 च्या मिसाखाली (अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली) आत गेलेले मात्र लोकांच्या तोंडी ‘मिसाबंदी’च राहिले. बंदी म्हणजे कैदी, आडपडदा नाही.

चाळकरी : मग तडीपार याच्या बरोबर उलटा?

जुनं_दप्तर : अगदी. तड म्हणजे काठ. तडीपार म्हणजे पलीकडच्या काठाला. एकाने हद्द सोडायची नाही, दुसऱ्याने हद्दीत यायचं नाही. पोलिसांच्या कागदावर ‘हद्दपार’, जास्तीत जास्त दोन वर्षं.

चाळकरी : ‘प्रतिबंधक’ की ‘प्रतिबंधात्मक’?

कोर्टवारी : स्थानबद्धता प्रतिबंधक, कारवाई प्रतिबंधात्मक. व्याकरण विचारू नका, वहिवाट आहे. गणपतीआधी पोलीस ठाण्यात बोलावून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतात, तीही प्रतिबंधात्मक कारवाईच. पण तिला गल्लीत कुणी या नावाने ओळखत नाही, तिथे ती ‘चॅप्टर केस’. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणावरून पडलेलं नाव. नव्या संहितेत ते प्रकरण नववं झालंय, चॅप्टर मात्र चॅप्टरच.