कोपरखैरण्यात एडीएस-बी रिसीव्हर: ४ हजारांत काय घ्यावं?

खाडीकाठ: एम.ई.चा प्रकल्प आहे. विमानं आपली जागा आणि उंची रेडिओवरून सांगत असतात, ती एडीएस-बी. तिच्यावरून मुंबईच्या धावपट्टी २७ वर पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानांमधलं अंतर पावसाळ्यात किती वाढतं ते मोजायचंय. तिसरा मजला, खिडकी पूर्वेला. सोसायटी गच्ची देत नाही. लॅपटॉप आहे.

डेसिबल: ४ हजार विसरा. चांगला आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर), एडीएस-बीच्या १०९० मेगाहर्ट्झचा फिल्टर, अॅम्प्लिफायर, रास्पबेरी पाय (छोटा संगणक). अँटेना गच्चीवरच. फिल्टर हवाच, मोबाइल टॉवरच्या ९०० च्या पट्ट्याने डोंगल गुदमरतो. अॅम्प्लिफायर अँटेनाच्या बुडाशी लावा. केबलने खाल्लेला सिग्नल नंतर वाढवला की गोंगाटही तेवढाच वाढतो.

पारसिक_वारा: गच्ची नाही म्हणालेत ते! आरजी-५८ केबल घेऊ नका, या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून जास्त खाते. डोंगल अँटेनाला चिकटवा, लांबी यूएसबी केबलने भरा. अँटेना घरीच होतो: तांब्याची उभी तार ६९ मिलिमीटर, खाली ४५ अंशात तेवढ्याच चार.

डेसिबल: केबलचं मी आधीच सांगितलंय. आणि घरच्या तारेला पावसात गंज चढतो.

उलवेकर: मुंबई कशाला? नवी मुंबईचं विमानतळ घ्या. दोन विमानतळांचे प्रवाह एकाच आकाशात बसवणं हाच आजचा खरा प्रश्न आहे.

क्यूएनएच: खरेदीआधी हे बघा. खिडकी पूर्वेला, धावपट्टी पश्चिमेला. विमान कोपरखैरण्यावरून पुढे गेलं की इमारतीआड जाणार. धावपट्टीपासून १० सागरी मैलांवर असतानाचं दोन विमानांमधलं अंतर मिळेल, पण पुढचं विमान आधी वेग कमी करतं म्हणून ते धावपट्टीपर्यंत आक्रसतं. तो आकडा उतरतानाचा म्हणून छापू नका.
उंचीही सरळ घेऊ नका. एडीएस-बीतली उंची हवेचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून येते. क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला त्या वेळचा खरा दाब) १००३ असेल तर विमान सुमारे २८० फूट जास्त उंच दिसतं. मेटारमधून (विमानतळाचा हवामान अहवाल) दाब घेऊन दुरुस्ती करा. आणि पुढच्या-मागच्या विमानांच्या जोड्या प्रकारानुसार वेगळ्या काढा: बोइंग ७७७ मागे ए३२० असेल तर वेकसाठी (पुढच्या विमानामागे उठणारे हवेचे भोवरे) ५ सागरी मैल ठेवतात. सगळ्यांची सरसकट सरासरी काढलीत तर पावसाचा परिणाम त्यात हरवेल.

पारसिक_वारा: ओपनस्काय या एडीएस-बी डेटा जमवणाऱ्या नेटवर्ककडे अर्ज करा, संशोधनाला जुना डेटा फुकट मिळतो.

क्यूएनएच: मिळतो, पण जमिनीलगतचा भाग जवळ कुणाचा रिसीव्हर असेल तरच.

खाडीकाठ: ठरलं. खिडकी रद्द. घाटकोपरला मावशीच्या गच्चीवर साधा डोंगल, फिल्टर आणि घरचीच तार. अॅम्प्लिफायर, रास्पबेरी पाय काही नाही.

डेसिबल: अॅम्प्लिफायरशिवाय पस्तावाल.

क्यूएनएच: तिथे विमानं डोक्यावरूनच जातात. सिग्नल जोरदारच येणार, गेन (डोंगल सिग्नल किती वाढवतो ते) उलट कमी करा. उणे ३ डेसिबलच्या वरचे, म्हणजे डोंगलच्या कमाल मर्यादेला भिडणारे संदेश ५ टक्क्यांहून जास्त दिसले की आणखी एक पायरी खाली.