पावसापाण्यात कोणता कॅमेरा? फुल फ्रेम डीएसएलआर की छोटा वॉटरप्रूफ? अनुभव सांगा

निवडुंग (धागाकर्ती)

गेल्या जुलैत अंधारबनला गेलो होतो. पाठीवर फुल फ्रेम डीएसएलआर (मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), दोन लेन्स, त्यावर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर बॅगेचं रेनकव्हर, आणि या सगळ्यावर धो धो पाऊस. पिंपरीपासून भिऱ्यापर्यंत दिवसभर चाललो. घरी येऊन कार्ड बघितलं तर त्या दिवसाचे फोटो चार. चारही पिंपरीतल्या चहाच्या टपरीचे.

आता त्या कॅमेऱ्याचं शटर गेलंय. दुरुस्तीचा खर्च ऐकून नवरा म्हणाला, त्यात थोडी भर घालून छोटा वॉटरप्रूफ का घेत नाहीस? मी म्हटलं, त्यातच थोडी भर घालून दुसरी जुनी फुल फ्रेम बॉडीसुद्धा येते. तिथून घरात शांतता आहे.

आकडे मला पाठ आहेत. फुल फ्रेमचा सेन्सर (उजेड टिपणारा तुकडा) 36 बाय 24 मिमी, या छोट्या कॅमेऱ्यांचा साधारण 6.2 बाय 4.6. क्षेत्रफळात जवळजवळ तीसपट फरक. त्यामुळे तक्ते नकोत. तुमच्या हातात काय झालं ते सांगा, आणि फसलेले फोटो आधी सांगा.

कातळसडा

रत्नागिरीकर आहे, म्हणून पावसाआधी बुरशीबद्दल बोलतो. माझा डीएसएलआर पावसात एकदाही भिजला नाही. मी इतका जपला की जूनमध्ये त्याच्या गुबगुबीत बॅगेत घालून कपाटात ठेवला तो थेट गणपतीत बाहेर काढला. लेन्समधून उजेडाकडे बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बॅगेतला फोम दमट हवा धरून ठेवतो हे तेव्हा कळलं.

आता बॅग वेगळी आणि कॅमेरा वेगळा. घट्ट झाकणाचा धान्याचा डबा, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे (स्वयंपाकाचा तवा घेऊ नका, त्यावरून वेगळी शांतता पसरते). आणि दर रविवारी दहा-वीस फोटो काढायचेच, मग ते मांजराचे का असेनात.

कोकणात चार महिने न वापरता ठेवणार असाल तर फुल फ्रेम घेऊ नका.

शेवाळ

मी वॉटरप्रूफवाला. पहिला बुडवला, दुसरा वापरतोय.

पहिला तारकर्लीला गेला. स्नॉर्केलिंगला निघण्याआधी किनाऱ्यावरच कार्ड बदललं. झाकणाच्या आत जी रबरी कडी असते तिच्यावर वाळूचा एक कण बसला असणार. बोटीतून उतरून पाच मिनिटं झाली नसतील, पडद्याच्या कोपऱ्यात धुकं आलं, मग रंगीत पट्टे, मग काळोख. बाहेर येऊन उघडला तर आत चहाचा चमचाभरही पाणी नव्हतं. खारं पाणी तेवढं पुरतं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने अगदी गोड आवाजात सांगितलं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, अहो, खोक्यावर मासा काढलाय! तो म्हणाला, सर, मासा बाहेरून आहे.

दुसऱ्याच्या बाबतीत माझं सोवळं कडक आहे. चार्जिंग आणि कार्ड आदल्या रात्री घरात. कडीवरून मऊ ब्रश फिरवायचा, केस-धागा काही नाही ना ते भिंगातून बघायचं, खिट्टी लावून पुन्हा एकदा ओढून बघायची. समुद्रातून आल्यावर झाकण न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत भिजत ठेवायचा, पुसून पूर्ण कोरडा झाल्यावरच उघडायचा. रबर वर्षातून एकदा बदलून घ्यायचं. उंचावरून कॅमेरा हातात धरून उडी मारायची नाही. खोक्यावरचे 15 मीटर शांत पाण्यातले असतात, धपकन आपटण्याचे नव्हेत.

आणि हे कॅमेरे जलरोधक असतात, तरंगते नसतात. हातातून सुटला की तळाशी. तो जाडा नारिंगी पट्टा दिसायला बावळट आहे, पण बांधाच.

फोटोंचं म्हणाल तर थोडं खोल गेलं की पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. चार-पाच मीटरवर लालभडक मासा मातकट दिसतो. अंडरवॉटर व्हाइट बॅलन्सने (पाण्याखालचे रंग सुधारणाऱ्या सेटिंगने) थोडं सावरतं, रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलं तर बरंच. म्हणून मी ऑलिंपसचा टीजी-6 घेतला. निकॉनचा डब्ल्यू-300 पाण्यात 30 मीटरपर्यंत चालतो, पण त्यात रॉ नाही. मला 30 मीटर खाली जायचं नाहीये, रंग मात्र परत हवेत.

काजवापूर

मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे किंवा पुरुषवाडीला जाऊन बघा, वाद तिथे मिटेल. काळोखात हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे लखलखत असतात. ट्रायपॉड, एफ 2.8 ची (भरपूर उजेड आत घेणारी) रुंद लेन्स, शटर 20-30 सेकंद उघडं, अशा पन्नासेक फ्रेम एकावर एक. फुल फ्रेममध्ये झाडाची फांदीन् फांदी येते. छोट्या सेन्सरमध्ये काजवे कुठले आणि कमी उजेडात फोटोत उमटणारे रंगीत दाणे कुठले ते ओळखा.

शेवाळ

टीजीत लाइव्ह कॉम्पोझिट आहे की. नवा उजेड तेवढाच वर चढवतो, पडद्यावर फोटो भरत जाताना दिसतो.

काजवापूर

मित्राचा घेऊन केलाय. काजवे येतात, झाड येत नाही. आणि तो पडदा भरत जाताना शेजारच्या माणसाच्या तोंडावर उजेड पडतो. काजव्यांच्या जागी टॉर्च नको, मोबाइल नको, तसा तो पडदाही झाकावा.

गेंदफूल

मी निवृत्त, मुक्काम सातारा. कासला सप्टेंबरात निदान चार वेळा जाणं होतं. पूर्वी कॅननची फुल फ्रेम बॉडी आणि 100 मिमीची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स नेत असे. सीतेची आसवं तुम्ही पाहिली असतील, जांभळ्या-निळ्या रंगाचं इवलंसं फूल. कासला वारा कधी थांबत नाही. मॅक्रोमध्ये फोकसची पट्टी इतकी पातळ की एक पाकळी धारदार आणि मागची धुक्यात. एफ 16 करावं (लेन्सचं भोक बारीक करून जास्त भाग स्पष्ट आणावा) तर शटर मंदावतं, मग फूल हललं. एका सकाळी दोनशे फोटो काढून दोन ठेवले आहेत.

मुलाने टीजी-5 आणून दिला. त्यातला मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून 1 सेंटिमीटरवर फोकस करतो. सेन्सर लहान असल्याने फुलाचा बराचसा भाग आपोआप स्पष्ट येतो. ज्या उणेपणाला सगळे नावं ठेवतात तोच इथे कामी आला. वाटेच्या कडेलाच जे फुललंय त्याच्याशी हात नेता येतो, पलीकडे पाय टाकून चार फुलं तुडवावी लागत नाहीत. गुडघे धड नसलेल्यांना पडदा बघून फोटो घेता येतो हेही आहेच.

पण इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली फुलावर पडते. त्यासाठी लेन्सभोवती बसणारी उजेडाची कडी मिळते, ती घ्यावी लागली. फुलावर कीटक असेल तर तो तुम्ही 1 सेंटिमीटरवर पोहोचेपर्यंत थांबत नाही. आणि मोठी प्रिंट हवी असेल तर 12 मेगापिक्सेल म्हणजे 4000 बाय 3000 ठिपके, इंचाला 300 ठिपक्यांच्या हिशोबाने साधारण 13 बाय 10 इंच. त्यापुढे ताणलं की पाकळीचं मेण होतं. भिंतीवर लावलेले माझे दोन्ही फोटो अजून जुन्या कॅमेऱ्याचेच आहेत.

आळशी_ट्रेकर

माझ्याकडे दोन्ही आहेत. फोटो मोबाइलवर काढतो.

दिवेघाट

वारीत बारा वर्षं फोटो काढतोय, फुल फ्रेमवरच. पाऊस येतोच. माझं संरक्षण म्हणजे हॉटेलातली शॉवर कॅप. रबर असतं, कॅमेऱ्यावर चपखल बसते, लेन्सपुरतं भोक पाडायचं. एक भिजली की खिशातून दुसरी.

एक गोष्ट लक्षात ठेवा. "वेदर सील्ड" म्हणजे वॉटरप्रूफ नाही. बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल तर पाणी जोडातून शिरतं. काही महागड्या लेन्सनाही पुढे फिल्टर लावल्याशिवाय सील पुरं होत नाही. भर पावसात लेन्स तर बदलूच नका. एका वर्षी मी तो शहाणपणा केला आणि सासवडपर्यंत प्रत्येक फोटोत आकाशात एक गोल डाग होता.

छोटा कॅमेरा मीही नेऊन बघितला. संध्याकाळी मुक्कामाला कंदिलाएवढ्या उजेडात म्हातारीचा चेहरा, कपाळावरचा बुक्का, सुरकुतीत अडकलेलं पाणी, हे त्यात आलं नाही. दिवसाउजेडी रिंगणात घोडा धावला तेव्हाही फोकस घोड्याच्या मागे मागे. त्या वर्षीचं सगळ्यात भारी मात्र वेगळंच. घाटात सर आली आणि मी कॅमेरा पोटाशी धरून वाकलो. मागून एका वारकऱ्याने स्वतःच्या डोक्यावरचं प्लॅस्टिक काढून माझ्यावर धरलं. "चालू द्या तुमचं, माउली." तो भिजत उभा, मी फोटो काढतोय. त्याचाच फोटो काढायचा राहिला.

बर्गनवासी

नॉर्वेत बर्गनला राहतो. इथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस, म्हणजे आपला जुलै संपतच नाही. पावसापेक्षा पावसातून घरात येणं वाईट. थंड कॅमेरा उबदार खोलीत आला की आतबाहेर दव धरतो. बाहेर असतानाच पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि घरात तासभर उघडायचं नाही. वॉटरप्रूफलाही हे लागू, बॅटरी बदलताना जी हवा आत कोंडली तिचं दव आतल्या काचेवर बसतं. बाकी थंडीत छोट्या कॅमेऱ्याची चिमुकली बॅटरी फार लवकर मान टाकते, दोन जादा बाळगतो.

जुनी_रीळ

तुमचं भांडण वाचून हसू येतंय. तुम्ही ज्याला फुल फ्रेम म्हणता ती 24 बाय 36 ची चौकट आमच्या पिढीत पाण्याखाली जात होती. निकॉनचा निकोनॉस 1963 साली आला. मूळ कॅलिप्सो हा फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तोंच्या मंडळींसाठी बनलेला कॅमेरा, निकॉनने तो पुढे नेला. माझा एक मित्र बोटीवर नोकरीला होता, त्याच्याकडे होता. लेन्समधून दिसायचं नाही, अंतर डोळ्यांनी अदमासायचं. त्यात पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते. 36 फोटोंत दोन लागले तर पार्टी.

आज डिजिटल फुल फ्रेम पाण्यात न्यायचा तर धातूचं हाउसिंग (पाणी न शिरणारी पेटी) घ्यावं लागतं. अनेकदा ते बॉडीपेक्षा महाग पडतं. निवडुंगताई, शटर दुरुस्त होत असेल तर करून घ्या. आता नव्या डीएसएलआरकडे कंपन्यांचंच लक्ष नाही, सगळा ओढा मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे). त्यामुळे जुन्या बॉड्या मुंबईत बोरा बाजारात स्वस्तात दिसतील, पण परक्याच्या शटरने किती लाख वेळा उघडझाप केली ते आधी विचारा. आपल्या घरच्याचं आपल्याला ठाऊक असतं.

निवडुंग (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. जुनी_रीळ आजोबांचं ऐकून शटर बदलायला दिलंय. मावसभावाचा वॉटरप्रूफ आठ दिवसांसाठी उसना आणलाय, रबरी कडी भिंगातून तपासली. एक केस होता, मांजराचा.

शनिवारी दोन्ही घेऊन नाणेघाटात जाणार, उलटा धबधबा बघायला. दिवेघाट, शॉवर कॅप वरून लावायची हे कळलं, पण तिथे वाऱ्याने पाणी खालून वर येतं. मग काय करू?

दिवेघाट

दोन लावा. एक वरून, एक खालून.